‘बटण चालत नाही’ या तक्रारीचा प्रवास

वीजबिल भरताना ‘पुढे’ हे बटण दाबलं आणि पान हललंच नाही, तर बहुतेक माणसं वैतागून पान बंद करतात. काही जण दुसऱ्या फोनवरून पुन्हा खटाटोप करतात. अगदी मोजके लोक पानाच्या कडेला असलेल्या ‘अभिप्राय कळवा’ या पट्टीवर बोट ठेवतात आणि लिहितात, ‘बटण चालत नाही.’ न लिहिता निघून गेलेल्या सगळ्यांच्या वतीनं आलेली ही तक्रार असते. म्हणूनच ती कुठे जाते आणि कुणाच्या हाती लागते, हे नीट पाहायला हवं. पुष्कळ ठिकाणी ती एका सामायिक ईमेल खात्यात जाऊन पडते. ते खातं उघडणारा माणूस ग्राहकसेवेतला असतो. बटण दुरुस्त करू शकणारी मुलगी दुसऱ्याच कंपनीत, कदाचित दुसऱ्या शहरात बसलेली असते.

दुरुस्ती करणाऱ्यांचं काम चालतं ते ‘इश्यू ट्रॅकर’वर. मोझिलाचं बगझिला १९९८ मध्ये आलं, ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीचं जिरा २००२ मध्ये, कुणालाही मोफत वापरता येणारं रेडमाइन २००६ मध्ये. गिटहबवर तर प्रकल्पाबरोबर इश्यूंची यादी मिळतेच. रूपं वेगवेगळी असली तरी गाभा एकच आहे: प्रत्येक दोषाला एक क्रमांक, एक जबाबदार माणूस, एक स्टेटस आणि कुणी कधी काय केलं याचा इतिहास. डेव्हलपर सकाळी हीच यादी उघडून कामाला बसतो. ज्या दोषाला इथे क्रमांक नाही, त्याला डेव्हलपरच्या दिवसात जागा नाही. त्यामुळे अभिप्रायाची पट्टी ट्रॅकरला जोडणं ही मला निव्वळ तांत्रिक सोय वाटत नाही. तक्रार ऐकली जाणार की नाही, हे त्या जोडणीवर ठरतं.

मात्र आलेलं वाक्य तेवढंच तिकिटात, म्हणजे ट्रॅकरवरच्या नोंदीत, ओतून भागत नाही. ‘पुटी’ हे सॉफ्टवेअर लिहिणारे सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिला होता. निदान सांगत बसू नका, लक्षणं सांगा. तुम्ही काय केलंत, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते सांगा, असा त्यांचा आग्रह. टेस्टरकडून ही अपेक्षा रास्तच आहे. पण बिल भरायला बसलेल्या आजोबांकडून ती करणं अन्यायाचं आहे. तिथे यंत्रानं पुढे यावं. पानाचा पत्ता, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, पडद्याची रुंदी, वेळ, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये उमटलेली एरर हे सगळं पट्टीला आपोआप टिपता येतं. आजोबा लिहितात ‘बटण चालत नाही’, आणि त्याखाली यंत्र जोडतं की पडदा ३६० पिक्सेल रुंद होता. मग डेव्हलपर तेवढ्याच रुंदीत पान उघडतो आणि त्याला दिसतं की कुकीजच्या सूचनेची पट्टी बटणावर चढून बसली आहे. सोबत स्क्रीनशॉट असला तर उत्तमच. फक्त एक लक्षात ठेवावं: काही साधनं पडद्याचं खरं छायाचित्र घेतच नाहीत, पानाची रचना वाचून चित्र नव्यानं रंगवतात. त्यामुळे चित्रात सगळं ठीक दिसतं आणि वापरणाऱ्यासमोर मात्र पान मोडलेलं असतं, असं होऊ शकतं.

प्रत्यक्ष जोडणीची कल्पना सोपी आहे. अभिप्राय आला की पट्टीचं सॉफ्टवेअर एका ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठवतं. याला वेबहुक म्हणतात. तो निरोप घेऊन ट्रॅकरच्या एपीआयमार्फत, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या दारातून, नवं तिकीट उघडलं जातं, आणि ‘आम्हाला इथे लिहायची परवानगी आहे’ हे पटवायला एक टोकन दाखवलं जातं. अडचणी येतात त्या पुढे. टोकन एखाद्या डेव्हलपरच्या स्वतःच्या खात्यातून काढलेलं असतं. तो नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि तक्रारी मुकाट्यानं अडकून पडतात. म्हणून जोडणीसाठी वेगळं खातं हवं, आणि त्या खात्याला एकाच प्रकल्पात तिकीट उघडण्यापुरतेच अधिकार हवेत. दुसरी अडचण पोच न मिळण्याची. निरोप पोचला, पण पोच वाटेत हरवली, तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा पाठवतो आणि एका तक्रारीची दोन तिकिटं होतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक अभिप्रायाला मूळचा क्रमांक द्यायचा, तो तिकिटात नोंदवायचा आणि नवं तिकीट उघडण्याआधी तो क्रमांक शोधायचा. जोडणी दुहेरी केली तर इथला बदल तिकडे, तिकडचा पुन्हा इकडे असा फेरा सुरू होऊ शकतो. तो तोडायला बदल माणसानं केला की जोडणीनं, याची खूण ठेवावी लागते.

या सगळ्याचं चांगलं उघडं उदाहरण म्हणजे मोझिलाच्या पुढाकारानं उभं राहिलेलं वेबकॉम्पॅट. अमुक वेबसाइट माझ्या ब्राउझरमध्ये नीट दिसत नाही, हे तिथे कुणीही कळवू शकतो आणि तक्रार गिटहबवरच्या सार्वजनिक इश्यूंमध्ये जाते. कळवणाऱ्याचं गिटहब खातं असेलच असं नाही, म्हणून खातं नसलेल्यांची तक्रार एक बॉट आपल्या नावानं नोंदवत असे. मला या प्रकल्पातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो तो त्यापुढचा. आलेली तक्रार थेट डेव्हलपरच्या अंगावर जात नाही, आधी छाननीत थांबते. मग निदान होतं, मग त्या वेबसाइटच्या मालकाशी संपर्क. दुबार तक्रार, अपुरी तक्रार, ‘आमच्याकडे चालतंय’ अशा प्रत्येक शेवटाला वेगळी खूण आहे. अनामिक तक्रारी आधी खासगी जागेत तपासून मगच सगळ्यांसमोर आणण्याची पद्धतही त्यांना पुढे आणावी लागली. दार उघडं ठेवलं की शिवीगाळही येते, आणि ज्या पानांचे स्क्रीनशॉट जाहीर व्हायला नकोत तीही येतात.

जोडणी करणारे ही छाननी बहुधा वगळतात. ‘सगळं आपोआप’ हे ऐकायला छान वाटतं. पण छाननी न झालेल्या तिकिटांनी ट्रॅकर भरला की डेव्हलपर त्या रांगेकडे बघणंच सोडतात. मग जोडणी असूनही तक्रार पुन्हा त्या जुन्या ईमेल खात्यासारखीच बेवारस होते. रोज थोडा वेळ रांग पाहणारा एक माणूस, एवढं तरी हवंच.

तक्रारीत काय येऊ नये, हेही आधीच सांगावं लागतं. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर पानातली अडचण कळवताना दोनच प्रश्न विचारतात: तुम्ही काय करत होता, आणि काय बिघडलं? शेजारी सूचना असते की नॅशनल इन्शुरन्स क्रमांक किंवा कार्डाचे तपशील लिहू नका. आपल्याकडे या सूचनेची गरज जास्त आहे. बँकेच्या पानाचा स्क्रीनशॉट म्हणजे शिल्लक, मोबाइल क्रमांक, आधारचे आकडे. ट्रॅकरवर कंत्राटदाराची माणसंही असतात. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? संवेदनशील रकाने चित्र निघण्याआधीच झाकायची सोय अशा अनेक साधनांत असते. ती चालू करून घ्यावी.

मराठी वेबसाइटला आणखी एक गोष्ट तपासावी लागते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. जिरात तिकिटाच्या शीर्षकाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे. मधली जोडणी हीच मर्यादा बाइटमध्ये मोजत असेल, तर मराठीला जेमतेम ८५ चिन्हं उरतात आणि वाक्य जोडाक्षराच्या मधोमध तुटतं. जुन्या डेटाबेसमध्ये तर पूर्ण तक्रारीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. शिवाय कितीतरी लोक मराठी रोमन लिपीत टंकतात. तोच दोष एकानं देवनागरीत, दुसऱ्यानं रोमनमध्ये कळवला, तर दुबार तक्रारी शोधणाऱ्या यंत्राला ते दोन दोष वाटतात. डेव्हलपरला मराठी येत नसेल तर इंग्रजी सार जरूर द्यावं, पण मूळ वाक्याच्या खाली. मूळ वाक्य पुसू नये. ‘पैसे कापले गेले पण पावती आली नाही’ यातला ‘पण’ घाईघाईच्या सारात गळून पडतो, आणि दोष नेमका त्या ‘पण’मध्ये असतो.

राहिली परतीची वाट. तक्रार ट्रॅकरपर्यंत नेणाऱ्या जोडण्या पुष्कळ आहेत, उत्तर माघारी आणणाऱ्या कमी. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. तिकिटाचं स्टेटस बदललं की ट्रॅकरचाच वेबहुक उलटा निरोप देतो आणि तक्रारदाराला ईमेल जातं. प्रश्न असतो तो कोणत्या स्टेटसला. डेव्हलपर कोड लिहून झाला की तिकीट ‘क्लोज’ करतो, तर नवा कोड वेबसाइटवर कदाचित पुढच्या आठवड्यात चढतो. मधल्या दिवसांत ‘दुरुस्त झालं’ असं ईमेल गेलं, तर माणूस पान उघडून बघतो, दोष तसाच असतो आणि तो पुन्हा कधी लिहीत नाही. म्हणून ईमेल बांधायचं ते दुरुस्ती प्रत्यक्ष वेबसाइटवर आल्याच्या टप्प्याला.

जे दुरुस्त होणारच नाही, तेही कळवायला हवं. जुना फोन, बंद होत आलेली सेवा, खर्च न परवडणं, कारण काहीही असो. इथे ठरावीक साच्यातला मजकूर पाठवू नये. तिकीट बंद करणाऱ्यानं तक्रारदारासाठी दोन साधी वाक्यं स्वतः लिहावीत. जिरासारख्या ट्रॅकरमध्ये एखादा रकाना भरल्याशिवाय तिकीट बंदच होऊ नये, अशी अट घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालून ठेवावी. पुढे तिकिटं साचली की ती घालायला कुणी तयार होत नाही.