खिशातला फळा आणि गावची ग्रामसभा

कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेत तालमीसमोरून गेलात, तर बाहेर काळा फळा टांगलेला दिसेल. उद्या मोर्चा आहे, परवा रक्तदान आहे, अमक्याचं निधन झालं, असं सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असतं. ते वाचून पोरं जमतात. आता तसाच एक फळा ज्याच्या त्याच्या खिशात आला आहे. तो म्हणजे मोबाईल. तुम्ही म्हणाल, "पोरं दिवसभर त्यात तोंड खुपसून बसतात, त्यातून गावाचं काय भलं होणार?" शंका रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन बघू या.

शिरोळ तालुक्यात नांदणीच्या जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी नावाची हत्तीण तीस वर्षांहून अधिक काळ होती. तिच्या प्रकृतीबद्दल आणि तिला ठेवण्याच्या पद्धतीबद्दल तक्रारी झाल्या. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानंही तिला गुजरातेत जामनगरजवळच्या 'वनतारा' केंद्रात पाठवण्याचा आदेश कायम केला, आणि हत्तीण गेली. निरोपाच्या वेळची चित्रं त्याच रात्री मोबाईलवरून घरोघर पोचली. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण पोरं रडून थांबली नाहीत. सह्यांची मोहीम निघाली. दोन लाखांहून अधिक सह्या राष्ट्रपतींकडे धाडण्यात आल्या. 3 ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत, सुमारे 45 किलोमीटर, पायी चालत आली. दोन दिवसांत मुंबईला मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली. लगोलग वनतारानंही न्यायालयाच्या परवानगीनं नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली.

आता यात मोबाईलनं काय केलं? हाळी दिली. काम केलं ते सह्यांनी आणि पायांनी. मोबाईलवर अंगठा दाबणाऱ्याला कुणी नाव-गाव विचारत नाही. सही करणाऱ्याला ते लिहावं लागतं आणि 45 किलोमीटर चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात. ज्यानं स्वतः तोशीस सोसली, त्याचं म्हणणं सरकारलाही ऐकून घ्यावं लागतं.

मात्र एक गोष्ट मनाला लावून घ्यायला हवी. हत्तिणीला हलवण्याचा प्रश्न उच्चाधिकार समितीपुढे 2023 सालीच आला होता. तेव्हा जिल्हाभर अशी हाळी उठली नव्हती. आपण जागे झालो ते गाडी दाराशी आल्यावर. न्यायालय माणसांची गर्दी मोजत नाही. ते कागद बघतं, वैद्यकीय अहवाल बघतं. तसंच असायला हवं. म्हणून मठाची बाजू मांडायची असो की हत्तिणीच्या सुखाची, ती वेळेवर आणि कागदानिशी मांडावी लागते. हे काम मोबाईल आपण होऊन करत नाही.

या फळ्याची दुसरी बाजूही कोल्हापूरनं पाहिली आहे. जून 2023 मध्ये काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून 7 तारखेला शहर बंद झालं, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. चार-दोघांच्या मजकुराची झळ साऱ्या शहराला बसली. म्हणजे हाळी ऐकून माणसं रस्त्यावर आली, एवढ्यानं ते नागरिकाचं काम ठरत नाही. तालमीच्या फळ्यावर कुणी लिहिलं, हे सगळ्या पेठेला ठाऊक असतं. वेडंवाकडं लिहिलं तर वडीलधारा कान धरतो. मोबाईलच्या फळ्यावर लिहिणारा पुष्कळदा दिसतच नाही. तिथं आपणच आपले वडीलधारे व्हायचं.

मग करायचं काय? शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मुलांना एक सवय लावा. निरोप आला की तीन प्रश्न विचारायचे: हे कुणी लिहिलं, केव्हाचं आहे, आणि खरं असेल तर कुठल्या दारी न्यायचं? पाण्याच्या टाकीचं चित्र मोबाईलवर फिरवलं, ठीक आहे. पण तेच गाऱ्हाणं अर्जावर लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. टाकीवर किती खर्च झाला हे जाणायचं असेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं.

आणि ग्रामसभेला जा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. पुष्कळ गावांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि त्याच वेळी गावातली शंभर पोरं मोबाईलवर गावाच्याच कारभाराला नावं ठेवत असतात. त्यांतली निम्मी जरी उठून चावडीवर आली, तरी सभेचा रंग पालटेल.

तेव्हा पोरांच्या हातचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. पुढच्या ग्रामसभेची तारीख आणि वेळ त्यावर त्यांनाच टाकायला सांगा. आणि त्या दिवशी त्यांच्या आधी तुम्ही जाऊन बसा.