‘परवानगी नाही’ या संदेशाचे दोन अर्थ

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी व गुजरातीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली. तेव्हापासून संगणकाच्या परिभाषेचा प्रश्न कोशातून वर्गात आला आहे. सुरतेत तो विशेष जाणवतो. लिंबायत-उधन्याच्या वस्तीत घरी अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती आणि पुढे इंग्रजी असा प्रवास करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. शब्द नीट निवडला नाही, तर संकल्पनाच कशी निसटते, हे एका उदाहरणावरून पाहू.

चालू असलेल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. तिच्यात एकाच वेळी चालणारे कामाचे अनेक प्रवाह असू शकतात; त्यांना इंग्रजीत ‘थ्रेड’, मराठीत ‘धागा’ म्हणतात. मागावर आयुष्य काढलेल्या घरांत हा शब्द परका नाही. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. कापडातला प्रत्येक धागा स्वतंत्र असतो. प्रोसेसचे सर्व धागे एकच स्मृती वापरतात. एकाने तिथे केलेला बदल बाकीच्यांनाही लागू होतो.

प्रोग्राममधील चूक शोधण्यासाठी ‘डीबगर’ वापरतात. तो चालता धागा थांबवतो, त्याची स्थिती वाचतो आणि पुन्हा चालू करतो. लिनक्समध्ये हे काम ‘पीट्रेस’ या सुविधेने होते. आता एखाद्या विद्यार्थ्याला वाटते की, वेगळा डीबगर कशाला? आपल्याच प्रोसेसमधील एक धागा दुसऱ्यावर नजर ठेवील. तो तसा प्रोग्राम लिहितो आणि उत्तर येते : ‘परवानगी नाही’. अधिकार कमी पडला असेल, असे समजून तो संगणकाचा सर्वाधिकारी, म्हणजे ‘रूट’, होऊन पाहतो. उत्तर तेच येते.

कारण येथे अडचण अधिकाराची नाही, रचनेची आहे. डीबगर एखाद्या ठिकाणी थांबा लावतो, तेव्हा तेथील मूळ आज्ञा काढून ‘थांब’ ही आज्ञा बसवतो. स्मृती सामाईक असल्याने पहारा करणारा धागा त्याच ठिकाणी आला, तर तोही थांबतो; मग त्याला पुन्हा चालू करणार कोण? थांबलेल्या धाग्याकडे स्मृतीवाटपाचे कुलूप असेल आणि पहारेकऱ्याला तेच हवे असेल, तर दोघेही अडकतात. शिवाय संपूर्ण प्रोसेस थांबवण्याचा संदेश आला, की पहारेकरीही तिच्याबरोबर थांबतो.

मागाचे उदाहरण घ्या. ताण्याचा धागा तुटताच माग थांबवण्याची सोय असते, तिथे प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला, की पट्टी खाली पडते, विजेचा मार्ग पूर्ण होतो आणि माग थांबतो. ही पट्टी ताण्याचा भाग नसते, म्हणूनच धागा तुटल्याची खबर ती देऊ शकते.

लिनक्सच्या जुन्या रचनेत प्रत्येक धागा जवळजवळ स्वतंत्र प्रोसेससारखा होता. त्यामुळे ‘स्वतःवर पहारा नको’ हा नियम एका धाग्यापुरताच तपासला जाई. नव्या रचनेत धाग्यांचा गट म्हणजे एक प्रोसेस ठरली. त्यानुसार २००५ मध्ये ही तपासणीही संपूर्ण गटाला लागू करण्यात आली. विंडोजमध्ये एक धागा आपल्याच प्रोसेसमधील दुसऱ्याला थांबवू शकतो. पण ती सोय मुख्यतः डीबगरसाठी आहे, असे मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज सांगतात. कुलपाचा धोका तिथेही आहेच.

यावर मार्ग साधा आहे : पहाऱ्यासाठी वेगळी प्रोसेस निर्माण करावी. मात्र उबुंटूसारख्या प्रणालींत एक प्रोसेस सहसा आपल्या वंशातील प्रोसेसवरच पहारा ठेवू शकते. म्हणून मूल-प्रोसेसने पालक-प्रोसेस तपासायची असेल, तर पालकाने तिला आधी नाव घेऊन मुभा द्यावी लागते. हा नियम सुरक्षेसाठी आहे. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या स्मृतीतील पासवर्ड सहज वाचू नये, हा त्याचा हेतू. इथे ‘परवानगी नाही’ हे शब्द अगदी योग्य बसतात, कारण परवानगी मिळाली की काम होते.

म्हणजे एकाच इंग्रजी संदेशात दोन वेगळ्या गोष्टी आहेत : ‘तुम्हाला हा अधिकार नाही’ आणि ‘या रचनेत हे करता येत नाही’. पहिल्यावर उपाय अधिकार मिळवण्याचा, दुसऱ्यावर रचना बदलण्याचा. इंग्रजी संदेश हा भेद दाखवत नाही, मराठी अनुवादाने तो दाखवायला हरकत नाही. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने दुसऱ्या ठिकाणी ‘स्वतःच्याच प्रोसेसवर पहारा ठेवता येत नाही’ असे सरळ लिहावे. शब्द तीन-चार वाढतील, पण विद्यार्थी रूट होण्याच्या खटपटीत दुपार घालवणार नाही.