विषारी दारूचा छडा लावणारी नलिका

वरोरा, (प्रतिनिधी) : वरोऱ्यासह संपूर्ण चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली, २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. बंदी असो वा नसो, पकडलेल्या बेकायदा दारूबाबत एक प्रश्न कायम असतो. बाटलीत केवळ इथेनॉल आहे, की विषारी मिथेनॉलही मिसळले आहे? जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक बळी घेतले होते. दोन्ही द्रव रंगहीन असून वासावरून वा चवीवरून त्यांतील भेद खात्रीने ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत हे काम गॅस क्रोमॅटोग्राफी हे तंत्र करते.

या यंत्राचे हृदय म्हणजे त्यातील नलिका, अर्थात कॉलम. नमुन्याची वाफ हेलियम किंवा नायट्रोजनसारख्या वायूच्या प्रवाहाबरोबर नलिकेतून पुढे सरकते. नलिकेतील ‘स्थिर प्रावस्था’ प्रत्येक घटकाला कमी-अधिक काळ धरून ठेवते. त्यामुळे एकत्र निघालेले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर त्यांची स्वतंत्र शिखरे उमटतात.

नलिकांचे प्रमुख प्रकार दोन. भरलेली नलिका साधारण १ ते ३ मीटर लांब असून तिच्यात स्थिर प्रावस्थेचा लेप दिलेले बारीक कण ठासलेले असतात. केशनलिका मात्र पोकळ असते. बहुधा ३० मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटर रुंद अशा या नलिकेच्या आतील भिंतीवर स्थिर प्रावस्थेचा अतिशय पातळ थर असतो. तिच्यात घटक अधिक स्पष्टपणे विलग होतात.

खरी निवड असते ती या थराची. पॉलिडायमिथिलसिलोक्सेनचा थर अध्रुवीय असतो. त्यावर घटक मुख्यतः उत्कलनबिंदूच्या क्रमाने बाहेर पडतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर ध्रुवीय असल्याने तो अल्कोहोलांना अधिक घट्ट धरतो. मात्र ऑक्सिजन व अतिउष्णता यांमुळे तो लवकर खराब होतो.

याच ध्रुवीय थरावर एक फसगतही संभवते. आंबवलेल्या दारूत स्वाभाविकपणे आढळणारे एथिल ॲसिटेट आणि मिथेनॉल येथे जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. अध्रुवीय थरावर मात्र मिथेनॉल बरेच आधी निघून जाते. म्हणूनच भिन्न स्वभावाच्या दोन नलिकांवर पडताळणी करणे इष्ट ठरते. न्यायालयापुढे जाणारा निष्कर्ष एका शिखरावर नव्हे, तर दोन नलिकांच्या एकमतावर उभा असावा, हेच त्यामागील तत्त्व.