प्रवास-अनुज्ञा : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

परदेशप्रवासाच्या व्यवहारात गेल्या सुमारे तीस वर्षांत एका नव्या परवान्याची भर पडली आहे. ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ आहे, त्यांनी प्रवासास निघण्यापूर्वी संगणकाद्वारे मिळवावयाची ही परवानगी होय. ब्रिटन, कॅनडा इत्यादी देशांत ती ‘ईटीए’ या आद्याक्षरांनी, तर अमेरिकेत ‘एस्टा’ या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तीस ‘प्रवास-अनुज्ञा’ असे म्हटले आहे. खामगावातील ज्या कुटुंबांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांना या अनुज्ञेचा संबंध आज ना उद्या येतोच. म्हणून तिचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या व्यवस्थेच्या इतिहासात १९८६ हे वर्ष लक्षणीय आहे. राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्याने भारतीयांना अल्पकालीन भेटीसाठी ब्रिटनमध्ये जाण्यास तोवर आगाऊ व्हिसा लागत नसे. तो त्या वर्षी आवश्यक करण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेने निवडक देशांच्या नागरिकांना व्हिसा माफ करण्याची योजना कायद्याने स्वीकारली, आणि १९८८ मध्ये ब्रिटन व जपान यांच्यापासून तिचा प्रारंभ झाला. एकाच वर्षी एकासाठी दार लागले व दुसऱ्यासाठी उघडले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की, माफी व्यक्तीच्या योग्यतेवर नव्हे, तर तिच्या हातातील पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, कोणत्या देशाचे आहे यावर अवलंबून असते.

माफीमुळे एक उणीव मात्र निर्माण झाली. व्हिसा देताना वकिलातीत होणारी चौकशी नाहीशी झाली आणि प्रवासी सीमेवर येऊन उभा राहीपर्यंत त्याच्याविषयी फारशी माहिती मिळेनाशी झाली. ही उणीव भरून काढण्यासाठी संगणकीय अनुज्ञेचा मार्ग पुढे आला. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये ही पद्धत सुरू केली. अमेरिकेने २००७ च्या कायद्यान्वये ती स्वीकारून १२ जानेवारी २००९ पासून बंधनकारक केली. पुढे कॅनडा (२०१६) व न्यूझीलंड (२०१९) यांनी तिचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये ती २०२३ मध्ये सुरू झाली व ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिकन नागरिकांनाही लागू झाली. तात्पर्य, व्हिसामाफी म्हणजे तपासणीची माफी नव्हे. तपासणीचे स्थळ व काळ यांत झालेला तो बदल आहे.

अनुज्ञेचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. अर्जदार आपले नाव, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक इत्यादी माहिती भरतो, काही प्रश्नांची उत्तरे देतो व शुल्क भरतो. शासनाची यंत्रणा ही माहिती आपल्याजवळील नोंदींशी ताडून पाहते व मान्यता देते. ही मान्यता त्या विशिष्ट पारपत्राच्या क्रमांकाशी जोडलेली असते. विमानात बसू देण्यापूर्वी विमान कंपनी ती पडताळून पाहते. कारण अपात्र प्रवासी नेल्यास दंडाचा भार कंपनीवर येतो. ब्रिटनने असा कायदा १९८७ मध्येच केला होता. अर्जातील चूक म्हणूनच बहुधा परदेशाच्या सीमेवर नव्हे, तर निघण्याच्या विमानतळावरच अडथळा बनते.

हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. मूळचे खामगावचे एक दांपत्य अमेरिकेत नोकरी करते. दोघांची पारपत्रे भारतीय आहेत. मुलीचा जन्म तेथील असल्याने तिचे पारपत्र अमेरिकन आहे. गावी येताना वाटेत दोन दिवस लंडन पाहावे, असा त्यांचा बेत आहे. मुलीला ब्रिटनची प्रवास-अनुज्ञा पुरेल. आईवडिलांना मात्र व्हिसाच काढावा लागेल. मुलगी तान्ही असली, तरी तिची अनुज्ञा स्वतंत्रच हवी. पुढे मुंबईस उतरताना ही स्थिती नेमकी उलटते. आईवडील स्वदेशी परतत असतात, त्यांना कशाचीच गरज नाही; परंतु मुलीजवळ भारताचा व्हिसा अथवा परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ‘ओसीआय’, कार्ड नसल्यास तिला आजोळी खामगावास आणता येणार नाही.

येथे नावाच्या साम्यामुळे घोटाळा संभवतो. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी सुरू केलेल्या योजनेतही ‘ईटीए’ हाच शब्द होता. पुढील वर्षी तिला ई-पर्यटक व्हिसा हे नाव मिळाले. तथापि ती व्हिसामाफी नव्हे. तो संगणकाद्वारे मागितलेला व्हिसाच होय. तो घेऊन ठरावीक ठिकाणांहूनच देशात प्रवेश करता येतो. मुंबई व नागपूर हे विमानतळ त्यांत आहेत. उलटपक्षी केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी अशीच अनुज्ञा ठेवली असून ती भारतीय पारपत्रधारकांनाही घ्यावी लागते.

अर्ज भरताना काही गोष्टींचे अवधान ठेवावे. पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव असे तीन भाग असतात, तर अर्जात बहुधा दोनच रकाने असतात. अशा वेळी पारपत्रात जी विभागणी छापलेली असेल, तीच अक्षरशः उतरावी. विवाहानंतर नाव बदलले असले, तरी पारपत्रातील नाव हेच प्रमाण. दुसरी गोष्ट क्रमांकाची. भारतीय पारपत्राच्या क्रमांकात एक अक्षर व सात अंक असतात. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत करू नये. तिसरी तारखेची. अमेरिकन पद्धतीत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. चौथी गोष्ट पारपत्राच्या नूतनीकरणाची. नवे पारपत्र घेतल्यावर जुन्यास जोडलेली अनुज्ञा निरुपयोगी होते, तिची मुदत उरलेली असली तरीही.

शुल्काविषयीही सावध असावे. ब्रिटनचे शुल्क आरंभी १० पौंड होते, ते ९ एप्रिल २०२५ पासून १६ पौंड झाले. अमेरिकेचे ३० सप्टेंबर २०२५ पासून २१ डॉलरवरून ४० डॉलर झाले. शासकीय वाटावी अशी खाजगी संकेतस्थळे याहून कितीतरी अधिक रक्कम घेतात. म्हणून अर्जापूर्वी त्या देशाच्या शासनाचेच संकेतस्थळ उघडून चालू शुल्क पाहावे. भारताच्या बाबतीत त्याचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ या अक्षरांनी संपतो.

शेवटी हे विसरू नये की, अनुज्ञा ही प्रवासास निघण्याची परवानगी आहे, प्रवेशाचा हक्क नव्हे. अंतिम निर्णय सीमेवरील अधिकाऱ्याचाच असतो. एका कुटुंबातील माणसे एकाच विमानातून आली, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे मार्ग वेगवेगळे असू शकतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी घरातील सर्व पारपत्रे एकत्र मांडून प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करावा. एवढी दक्षता घेतल्यास नातवंडाची खामगावची वाट विमानतळावरच खुंटण्याचे फारसे कारण उरणार नाही.