रॅग्ड आहे, फाटकं नाही!

मॉलमधल्या त्या जीन्सकडे जरा नीट बघा. गुडघ्यावर दोन आडवे काप, मांडीवर उडालेला रंग, पायाशी लोंबणारे दोरे. आणि किंमत? साध्या जीन्सपेक्षा जास्त! विचारलंत तर सेल्सबॉय सांगणार, ‘सर, रॅग्ड लूक आहे.’ एकदम कूल.

आता हीच जीन्स घालून सुट्टीत अकोटला जा. घरातली आजी चेहऱ्याच्या आधी गुडघ्याकडे बघणार. ‘कायनं फाटली रे बाबू? आण इकडं, टाका मारून देतो.’ हसू नका. कापसाच्या गावातल्या बाईला कापड कळतं. तिचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे: फाटली कशानं?

आधी शब्दाचा फंडा क्लिअर करू. ‘रॅग’ म्हणजे चिंधी. ‘रॅग्ड’ म्हणजे फाटकं, झिजलेलं आणि कडा एकसारखी नसलेलं. त्यामुळे हा शब्द कपड्यांपुरता राहत नाही. अकोटहून उत्तरेला नरनाळ्याकडे पाहिलं तर सातपुड्याची जी वर-खाली कड दिसते, ती रॅग्ड. लिफ्ट बंद म्हणून सहा मजले चढल्यावरचा तुमचा श्वास, तोही रॅग्ड. डीटीपीवाले तर ‘रॅग्ड राइट’ रोज म्हणतात. डावीकडे ओळी सरळ, उजवीकडे लहान-मोठ्या. तुमचे ई-मेल बहुधा असेच जातात. लंडनमध्ये १८४४ साली ‘रॅग्ड स्कूल युनियन’ निघाली. अंगावर धड कपडे नसलेल्या मुलांना फुकट शिकवणाऱ्या शाळांची ही संघटना. तिथे रॅग्ड हा लूक नव्हता, गरिबी होती.

मराठीचा खाक्या वेगळा. वापरून पातळ झालं ते विरलेलं. शिवण सुटली ते उसवलेलं. रंग गेला ते विटलेलं. घासून गेलं ते झिजलेलं. हात लावताच फाटेल ते जीर्ण. कापडावर काय गुजरलं, ते शब्दच सांगतो. पण कोरं करकरीत असूनही मुद्दाम झिजवलेलं? त्यासाठी आपल्याकडे शब्दच नव्हता. ‘फाडलेली पँट’ म्हटलं तर मारामारी झाल्यासारखं वाटतं! म्हणून इंग्रजी शब्द उसना घेतला.

पण बॉस, तुम्ही न वापरता जीन्स झिजते, म्हणजे ती दुसरं कुणीतरी झिजवतं. एक पद्धत होती डेनिमवर वाळूचा जोरदार मारा करण्याची. रंग मस्त उडायचा, पण वाळूची बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात जायची. त्यातून होतो सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. तुर्कस्तानात अनेक तरुण कामगार यात दगावले, तेव्हा २००९ मध्ये तिथे डेनिमसाठी या पद्धतीवर बंदी आली.

आणि खराखुरा रॅग्ड माणूस हवाय? तो आपल्या वऱ्हाडातलाच. अकोटच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव, जन्म १८७६ चा. अंगावर ठिगळांचे कपडे, हातात खराटा आणि गाडगं. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवाही म्हणत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत पेशंटच्या नातेवाइकांची सोय झाली. स्वतःच्या अंगावर मात्र १९५६ मध्ये जाईपर्यंत चिंध्याच. आज अकोटच्या कॉलेजांमधून मिळणाऱ्या पदवीवर ज्या अमरावती विद्यापीठाचं नाव असतं, ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्या ठिगळांना कुणी लूक म्हणत नाही, कारण पैसा कुठे गेला ते सगळ्यांना दिसत होतं.

म्हणून रॅग्ड घालूच नका असं नाही. फक्त शॉर्टकट सोडा. साधी, कोरी जीन्स घ्या आणि चार-पाच वर्षं मनसोक्त वापरा. बाइक चालवा, ट्रेकला जा, ऑफिसच्या खुर्चीत तासन्‌तास बसा. गुडघे आपोआप विरतील, कडा आपोआप सुटतील. जास्तीचे पैसे वाचतील आणि तुमची जीन्स झिजवायला दुसऱ्या कुणाला झिजावं लागणार नाही.