एका सेकंदात पाचच चित्रं का?

मुंडावळ्या बांधलेला नवरदेव हार घालायला हात उचलतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या मंगल कार्यालयात तो हार केव्हाच नवरीच्या गळ्यात पडलेला असतो. पुण्यात टीव्हीसमोर बसलेल्या मावशीला मात्र हात हवेतच दिसतात आणि मग एकदम हार गळ्यात! मधलं सगळं गायब. लगेच फोन येतो, "अडकूलालंय की रे!" शूटिंगवाला आधी कॅमकॉर्डरकडे संशयानं बघतो, मग इंटरनेटच्या नावानं बोटं मोडतो. पण लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरच चित्र अडकत असेल, तर इंटरनेटचा काही संबंध नाही. आणि कॅमेराही बहुधा निर्दोषच असतो.

आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा. हा आकडा विजेवरून आला. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणून जुन्या टीव्हीनं तिच्या निम्मा वेग धरला. म्हणजे दर 40 मिलिसेकंदांनी एक नवं चित्र लॅपटॉपच्या दारात हजर होणार, तो तयार असो वा नसो. फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 असे 20 लाख 73 हजार 600 ठिपके. एका ठिपक्याला दोन बाइट धरले, तरी एका फ्रेमचे 41 लाख 47 हजार 200 बाइट होतात. पंचवीसनं गुणा: सेकंदाला दहा कोटींच्या वर!

आता कॅमकॉर्डरची एचडीएमआय केबल ज्या चिमुकल्या डबीत जाते ती कॅप्चर कार्डाची डबी बघा. स्वस्तातल्या पुष्कळ डब्यांची यूएसबी पिन यूएसबी 3.0 सारखी निळी असते, पण आतली चिप 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 चीच. त्या यूएसबीवर व्हिडिओसारख्या वेळेला बांधलेल्या मालासाठी राखीव वाट असते. एका सेकंदाचे 8000 तुकडे आणि दर तुकड्यात फार तर 3072 बाइट. गुणाकार येतो 2 कोटी 45 लाख 76 हजार. याला एका फ्रेमच्या बाइटांनी भागा. उत्तर सहाला जरा कमी. म्हणून डबी न दाबलेलं फुल एचडी चित्र द्यायला बसली की सेकंदाला पूर्ण पाचच फ्रेम देऊ शकते. जो झटका आपण 'कॅमेरा बिघडला' म्हणून बघतो, तो चौथीतल्या पोराला सुटेल असा भागाकार असतो. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या डबीचं कौतुकच वाटलं.

त्या राखीव वाटेचा आणखी एक नियम आहे. वाटेत काही हरवलं तर ते पुन्हा मागायचं नाही. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कामगार धागा जोडतो, मग कापड पुढं सरकतं. लाइव्हचा माग धागा तुटला तरी थांबत नाही, कारण उशिरा आलेल्या फ्रेमचा काही उपयोगच नसतो. फ्रेम अशी गळाली, तरी बसलेल्या पाहुण्यांवर कॅमेरा असताना कुणाच्या काही लक्षात येत नाही. पण सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक टिपा, उंच काठ्या डुलायला लागल्या की एकूण एक गळालेली फ्रेम उघडी पडते.

घरी तपासायचं असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करून कॅमेऱ्यासमोर धरा, लॅपटॉपवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ते एकेक फ्रेम पुढं ढकलत बघा. सेकंदाच्या शतांशाचा आकडा दर फ्रेमला साधारण चारानं वाढायला हवा. तो आठानं उडाला तर मधली एक फ्रेम गेली. तोच आकडा चार-पाच फ्रेम जागचा हलत नाही आणि मग वीसनं उडी मारतो? मग वरचा भागाकार आठवा आणि सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ फॉरमॅट न दाबलेल्या वाययूवायटूऐवजी (YUY2) एमजेपेग करा. एमजेपेगमध्ये डबी प्रत्येक चित्र दाबून पाठवते, त्यामुळं माल त्याच वाटेत मावतो. खरी यूएसबी 3.0 ची डबी असेल तर 5 गिगाबिटची रुंद वाट मिळते, पण तीही लॅपटॉपच्या 3.0 पोर्टातच लावली तर.

याआधीची सोय जास्त शहाणी होती, असं माझं मत. मिनीडीव्ही टेपचा कॅमकॉर्डर चित्र स्वतःच दाबून सेकंदाला 25 मेगाबिटवर आणायचा आणि फायरवायर केबलची वाट होती 400 मेगाबिटची. ऐसपैस!

फॉरमॅट बदलूनही अडकतंय, तर ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमधला स्टॅट्सचा कोपरा उघडा. तिथं तीन वेगळे हिशेब असतात. चित्र रचताना चुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगला उशीर झाल्यानं सुटलेल्या आणि नेटवर्कवर गळालेल्या. इंटरनेटला दोष द्यायचा तो फक्त तिसरा आकडा वाढत असेल तर. दुसरा वाढत असेल तर लॅपटॉपचा दम संपलाय. चार्जर काढलेला असला की बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतात. शिवाय मे महिन्यातल्या सोलापुरात, मांडवाखाली, गादीवर ठेवलेला लॅपटॉप! खालची हवेची जाळी बंद, आतली चिप तापलेली, मग जळू नये म्हणून ती आपणहून मंद होते. लाकडी पाट खाली सरकवला तरी फरक पडतो.

आणि लाइव्ह कितीही सुरळीत चाललं असलं, तरी कॅमकॉर्डरचं स्वतःचं रेकॉर्डिंगही चालू ठेवा. त्याच्या आतल्या कार्डावरचं रेकॉर्डिंग या डबीतून जात नाही.