जोर इंजिनाचा, पकड पुढच्या चाकांची

पेणकरपाडा म्हणजे मुंबईचा उंबरठा. दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदरची हद्द लागते आणि अहमदाबाद महामार्गाला खेटून ही वस्ती सुरू होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. पावती फाडायला थांबणं संपलं, गर्दीत थांबणं संपलं नाही. पावसाळ्यात इथल्या रस्त्यावर डंपरमधून सांडलेली वाळू, डिझेलचे थेंब आणि पाणी यांचा पातळ थर साचतो. पुढे जागा मोकळी झाली म्हणून क्लच जरा झटक्यात सुटला, की पुढचं एक चाक जागच्या जागी फिरतं, स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि शेजारच्या लेनमधला रिक्षावाला तेवढ्यात पुढे घुसतो.

चाक फिरलं, गाडी हलली नाही. रोजच्या ड्रायव्हरला हा वैताग वाटतो आणि शर्यतवाल्यांचा अख्खा धंदा या दुखण्यावर चालतो. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरली, की पाव मैलाच्या म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीत बऱ्याच गाड्यांचा निकाल पहिल्या वीस-तीस मीटरांत ठरतो. इंजिनातून काढलेली ताकद डांबरापर्यंत पोचली का, हाच तिथला प्रश्न. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचं उत्तर किती सस्पेन्शनमध्ये आहे आणि किती इतरत्र, याचा हा आढावा.

मागची ओढ, पुढची ओढ

मुंबईला एके काळी मागच्या चाकांची सवय होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मागून ढकलली जायची. इंजिन पुढे, मधून लांब प्रोपेलर शाफ्ट, मागे पाटे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तोवर शहर केव्हाच पुढच्या चाकांवर आलं होतं.

जगात ही वाट सिट्रोएनच्या १९३४ च्या 'त्राक्सियाँ आव्हाँ'ने रुळवली. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं आणि छोट्या गाडीत चार माणसांना ऐसपैस जागा करून दिली. त्याच मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टाटांची इंडिका आली, तीही पुढच्या चाकांचीच. कारण व्यवहारी होतं. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना जाणारे ॲक्सल सगळं एका गठ्ठ्यात बसतं, मधला बोगदा जातो, वजन आणि खर्च वाचतो. शिवाय इंजिनाचं ओझं ओढणाऱ्या चाकांवरच असल्याने चिखलात, पावसात गाडी एरवी चांगली निघते.

अडचण फक्त जोरात निघताना होते.

वजन मागे जातं ते कशामुळे

बैलगाडीत ओझं मागे सरकलं की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढच्या चाकांच्या मोटारीचं निघताना तेच होतं. किती वजन मागे सरकेल याचा हिशोब सरळ आहे: गाडीचं वजन गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर.

उदाहरणाला हजार किलोची हॅचबॅक घेऊ. उभी असताना ६०० किलो पुढे, ४०० मागे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, चाकांतलं अंतर २.४५ मीटर. गुरुत्वाच्या ४० टक्के त्वरणाने, म्हणजे तसाच जोर टिकला तर सुमारे सात सेकंदांत शंभरचा वेग गाठेल अशा रीतीने ती निघाली, तर जवळजवळ ९० किलो पुढून मागे जातात. पुढे उरतात ५१०. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड ०.८ धरली तर ही गाडी यापेक्षा जोरात निघूच शकत नाही, बॉनेटखाली कितीही घोडे बांधा. ओल्या रस्त्यावर पकड ०.५ वर आली की हीच मर्यादा ४० टक्क्यांवरून २७ वर घसरते. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटासारखा चढ असेल तर त्यातलाही काही हिस्सा चढच खातो.

मागच्या चाकांच्या गाडीचं गणित उलटं. सरकलेलं वजन ओढणाऱ्या चाकांवरच येतं, म्हणून जितक्या जोरात निघावं तितकी पकड वाढते.

या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, शॉकअप नाही, बुश नाही. गाडी एका लयीत वेग घेत असेल तर स्प्रिंग कडक असो की मऊ, मागे जाणारं वजन जवळपास तेवढंच. गाडीचं नाक किती उचललं जाईल आणि किती पटकन, हे मात्र स्प्रिंग आणि शॉकअप ठरवतात. नाक कमी उचललं म्हणजे वजन कमी सरकलं, हा सर्वदूर पसरलेला गैरसमज आहे.

गाडी खाली बसवण्याचाही हिशोब करून पाहा. तीन सेंटिमीटर खाली आणली तर सरकणारं वजन ९० वरून ८५ किलोवर येतं. निघण्याची कमाल मर्यादा वाढते एक टक्क्याहूनही कमी. टायरची पकड ०.७ वरून ०.८ वर गेली तर तीच मर्यादा १२ टक्क्यांनी वाढते. स्प्रिंगा कापून घेण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावावेत.

मग सस्पेन्शन करतं काय?

टायरकडे जी पकड मुळात आहे, ती वाया जाऊ न देणं हे त्याचं काम, आणि ते काम मोठं आहे.

पहिली गोष्ट, टायर सपाट टेकणं. नाक वर आलं की मॅकफर्सन स्ट्रटवरच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा उभा कल, बदलतो. वळणासाठी म्हणून कुणी तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर घेतला असेल, तर सरळ निघताना टायरची आतली कडच काम करते. सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी म्हणून कॅम्बर शून्याच्या जवळ ठेवतात. टोचं, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचंही तसंच. ओढणारी चाकं जोर लागताच बुशच्या लवचीकपणामुळे किंचित आत वळतात. म्हणून उभ्या गाडीत टो शून्य किंवा केसभर बाहेर ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, डावं-उजवं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणजे ज्या चाकाची पकड कमी त्याच्याइतकाच दुसऱ्याला मिळतो. ड्रायव्हर एकटा उजवीकडे बसला आणि पुढच्या ६०० किलोंचे ३१५-२८५ असे वाटे झाले, तर गाडी दोन वेळा २८५ च्या हिशोबानेच निघते. उंची बदलता येणारे स्ट्रट असतील तर चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर घेऊन हा फरक कमी करता येतो.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे चाकाच्या उड्या. टायर पकडतो, बुश पिळला जातो, टायर सुटतो, बुश उलट फिरतो, पुन्हा पकडतो. सेकंदात अनेकदा असं होऊन पुढून धडधड ऐकू येते. या उड्यांत पकड वाया जाते आणि ॲक्सलचे जॉइंट तुटू शकतात. इथे सस्पेन्शनवरचा खर्च पुरेपूर वसूल होतो: लोअर आर्मला कडक पॉलियुरेथेन बुश, इंजिनाची खालची फाउंडेशन मजबूत, पुढचे शॉकअप ताजे. शर्यतीच्या गाड्यांत लोअर आर्मला पुढून पकडून ठेवणारा ट्रॅक्शन बार लावतात, तोही आर्म मागेपुढे हलू नये म्हणून.

चौथी गोष्ट वेळेची. पुढच्या शॉकअपचा परतीचा विरोध वाढवला तर नाक सावकाश उचललं जातं. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या तर मागचा भाग फारसा खाली बसत नाही. एकूण वजन तेवढंच सरकतं, पण सुरुवातीचा झोका आवरला जातो, भूमितीही फार बिघडत नाही. मागचं बसणं नुसत्या भूमितीने रोखावं म्हटलं तर पुढच्या चाकांच्या गाडीत ते जमत नाही. मागची चाकं काहीच ढकलत नाहीत, त्यामुळे मागच्या आर्मला विरोध करायला जोरच मिळत नाही. म्हणून तिथे स्प्रिंग, शॉकअप किंवा थेट बार एवढेच उपाय.

बारची युक्ती नामी आहे. ड्रॅगच्या खास गाड्यांना मागे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला छोटी चाकं लावतात. मागचं वजन त्या चाकांवर टेकलं की सूत्रातलं अंतरच वाढतं. आपल्या हॅचबॅकच्या मागे दीड मीटरचा असा दांडा सगळं ओझं घेत असेल, तर ९० किलोंऐवजी ५६ च्या आसपास सरकतील. रस्त्यावर अर्थातच हे चालणार नाही.

कंपन्यांनी काय केलं

ताकद वाढत गेली तशी कारखान्यांनाही वाट काढावी लागली. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये ३०५ अश्वशक्ती पुढच्याच चाकांवर होती. तिथे चाक वळण्याचा आस चाकाच्या मध्याजवळ आणणारा वेगळा नकल आणि एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर देणारा क्वाइफचा डिफरन्शियल बसवला, तेव्हा कुठे स्टिअरिंगची ओढ आवाक्यात आली. रेनो मेगान आरएस आणि होंडा सिव्हिक टाइप आर यांनीही पुढचा स्ट्रट आणि वळणारा भाग वेगळे करून हाच मार्ग धरला.

आपल्याकडची उदाहरणं जवळची आहेत. पुण्याजवळ रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये १४५ अश्वशक्ती घेऊन आली, कडक स्प्रिंगा आणि कमी उंचीसह. २०१८ मध्ये टाटा आणि जयेम यांनी टियागो जेटीपी आणली: ११४ अश्वशक्ती, १५० न्यूटन मीटर, रुंद टायर, सस्पेन्शनची नवी जुळणी आणि उंचीत घट फक्त चार मिलिमीटरची. ज्यांच्याकडे चाचणीचा ट्रॅक आणि अभियंते आहेत त्यांना चार मिलिमीटर पुरले, हे कटर घेऊन बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. चाकणच्या पोलोसारख्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला हलका ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. २०२० च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला इलेक्ट्रॉनिक क्लचवर चालणारा डिफरन्शियल मिळाला.

टॉमी आणि कायदा

चेकनाक्याच्या अलीकडे-पलीकडे गॅरेजांची कमतरता नाही. चाक फिरतं म्हणून तक्रार घेऊन गेलेल्या गाडीखाली चांगला मिस्त्री आधी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालतो. लोअर आर्म आणि सबफ्रेम यांच्या फटीत टॉमी अडकवून तो आर्म मागेपुढे हलवतो. बुशचं रबर निरोगी असेल तर आर्म दाबाने जेमतेम सरकून परत येतो. रबराला चीर गेली असेल तर आर्म टकटक वाजत मागेपुढे जातो आणि फटीतून काळा चुरा गळतो. अशा गाडीत महागडे शॉकअप बसवणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. मग फाउंडेशन, बॉलजॉइंट आणि लिंक रॉड बघायचे, आणि शेवटी अलाइनमेंटचा कागद.

कापलेल्या स्प्रिंगांचा आणखी एक धोका आहे. गाडी जॅकवर उचलली किंवा खड्ड्यात चाक लटकलं, की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. कायदाही बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हौस भागवायची तर आयोजित धावपट्टी आहे; महामार्ग आणि त्यालगतचे सर्व्हिस रोड त्यासाठी नाहीत.

विजेने जुनं दुखणं उकरलं

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर पुढच्या चाकांना २४५ न्यूटन मीटर देत होती, आणि तेही जवळजवळ शून्य वेगापासून. क्लच नाही, टर्बोची वाट बघणं नाही. बॅटरी जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं, पण ती मधोमध बसल्याने पुढच्या चाकांवरचा वाटाही घटतो. म्हणून अशा गाड्यांत पकड सांभाळण्याचं मुख्य काम सॉफ्टवेअर करतं; चाक सुटतंय असं दिसताच मोटरचा जोर क्षणात कमी होतो. पुढची पायरी लगेच आली. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. मोटर छोटी झाली, मधल्या बोगद्याची गरज उरली नाही, तेव्हा पुढून ओढण्याचं जुनं व्यवहारी कारणही कमजोर झालं.

तोवर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या पुढूनच ओढणार. त्यांच्या मालकांसाठी क्रम असा: चांगले टायर आणि त्यांत कंपनीने सांगितलेली हवा, मग बुश आणि फाउंडेशन, मग अलाइनमेंट, मग शॉकअप, आणि तरीही भागत नसेल तर घसरण रोखणारा डिफरन्शियल. उंची कमी करणं या यादीत शेवटून पहिलं. पुढच्या चाकांची गाडी निघताना मागे जाणारं वजन कुणालाच थांबवता येत नाही. उरलेल्या वजनाचा एक किलोही वाया न घालवणं, एवढंच ट्यूनिंगच्या हातात आहे.